चिऊचा घास, काऊचा घास

1994 साली आमची मुलगी तीन वर्षांची होती आणि तिचे जेवण म्हणजे घरात रोजची मोहीम असे. मी ताटली घेऊन गॅलरीत, सासूबाई पाण्याचे भांडे घेऊन मागे. चिऊचा घास, काऊचा घास. चिऊकाऊ संपले की बागुलबुवा. एवढे करून चार घास जात नसत. मग 'जेवली नाही, निदान दूध तरी पिऊ दे' म्हणून ग्लास पुढे येई. पालेभाजी पाहून तोंड घट्ट मिटणारी ही पोर दूध मात्र गटागटा पिई.

ती फिकट दिसू लागली म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेआठ! त्या वयाला ते निदान अकरा तरी हवे. डॉक्टरांनी विचारले, "दूध किती पिते?" मी जरा अभिमानानेच सांगितले, "चार ग्लास."

"मग जेवेल कशी? दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतंच."

ज्याला आपण पूर्णान्न म्हणतो, त्यानेच माझ्या मुलीची भूक मारली होती. लोहाचे औषध सुरू झाले, दूध दोन लहान कपांवर आले. आणि डॉक्टरांनी बजावले : काय वाढायचे ते तुम्ही ठरवा, किती खायचे ते तिला ठरवू द्या.

पुढे शिकागोच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांच्या प्रयोगाविषयी वाचले, तेव्हा यातली मेख कळली. त्यांनी 15 तान्ह्या मुलांपुढे साधे पदार्थ मांडले आणि हवे ते खाऊ दिले. आग्रह नाही, दटावणी नाही. मुले छान वाढली. 1939 च्या निबंधात त्यांनीच सांगून टाकले की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर, मैदा नव्हताच. म्हणजे बिस्किटांचा डबा समोर ठेवून 'तिला आवडेल ते खाऊ दे' म्हणणे नव्हे!

आम्ही सगळे एकत्र जेवायला बसू लागलो. तिच्या ताटात वरणभात, लिंबाची फोड आणि चमचाभर मेथी. बोलायचे कुणी नाही. सर्वांत कठीण गेले ते सासूबाईंना. एका रात्री ती खरोखरच न जेवता झोपली. "अगं, पोर उपाशी निजली," म्हणत त्याही ताटावरून उठल्या. मलाही झोप लागली नाही.

मेथी दहा-बारा वेळा तशीच परत गेली असेल. मग एका दुपारी तिने आजीच्या ताटातला मेथीच्या थालीपिठाचा तुकडा उचलला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तोंडावर बोट ठेवले.

कारले ती आजही खात नाही. परवा तिचा फोन आला. "आई, हा काहीच खात नाही गं!"

मी विचारले, "दूध किती पितो?"