मुळा-मुठेवरचे ते ‘डास’

फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांचे उंच खांब उठले आणि ‘डासांचं वादळ’ म्हणून व्हिडिओ फिरले. कीटकतज्ज्ञांनी ते कायरोनोमिड असल्याचं सांगितलं. दिसायला डासासारखेच, पण चावत नाहीत.

यांच्यातल्या अनेक जातींच्या अळ्या लालभडक असतात. फिशटँकवाले माशांना घालतात ते ब्लडवर्म हेच. अळी गाळात नळी करून राहते आणि अंग हलवत पाणी आत खेचते. लाली हिमोग्लोबिनची. त्याच्या जोरावर ती ऑक्सिजन जेमतेम असलेल्या सांडपाण्यातही तग धरते. तेव्हा ‘किडे आहेत म्हणजे नदी जिवंत आहे’ म्हणण्याआधी किडे कोणते ते पाहावं. पाण्यातल्या किड्यांवरून नदीचा दर्जा ठरवणाऱ्या बीएमडब्ल्यूपी या गुणांकन पद्धतीत दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला 10 गुण आहेत, कायरोनोमिडना 2.

दुसरा गैरसमज तर्कशुद्ध वाटतो, म्हणून जास्त फसवा: पाण्यात ऑक्सिजनच कमी, मग ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांनी होणारी पेशींची नासधूस, येणार कुठून? पण तो कायम कमी नसतो. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं. रात्री मात्र शेवाळासकट सगळेच तो ओढतात आणि पहाटे पातळी तळाला जाते. ऑक्सिजन तुटला की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन पुढे सरकेनासे होतात. ऊन चढल्यावर ऑक्सिजन परतला, की हे तुंबलेले इलेक्ट्रॉन त्यालाच चिकटून सुपरऑक्साइड तयार होऊ शकतो. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो आणि तांबं किंवा लोह हाताशी असेल, तर त्याचा हायड्रॉक्सिल रॅडिकल होतो. हा फार उपद्व्यापी. पेशीच्या पडद्यातली मेदद्रव्यंही सोडत नाही. आणि विरघळलेलं तांबं नितळ पाण्यातही असू शकतं, डोळ्यांना काही कळत नाही.

‘अळीत कॅटलेज जास्त, म्हणजे अळी ठणठणीत’ हेही खरं नाही. सौम्य प्रदूषणात कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही बचावाची एन्झाइमं वाढतात. मारा फार झाला, की ती स्वतःच निकामी होऊन आकडा घसरतो. म्हणजे कमी आकडा निवांत अळीचा असेल किंवा खचलेल्या अळीचाही. हा फरक कळावा म्हणून सोबत मॅलॉनडायअल्डिहाइड मोजतात. मेदद्रव्यांची नासाडी झाली, की ते वाढतं.

एवढ्यावरून अमुक कारखान्याला दोषी धरता येत नाही. पाणी तापलं, अळी कात टाकायला आली, तरी आकडे हलतात. म्हणून एकाच जातीच्या, वाढीच्या एकाच टप्प्यातल्या अळ्या नाल्याच्या तोंडाच्या वरून आणि खालून एकाच दिवशी गोळा कराव्या लागतात.