आवाजावर तोललेला चुन्याचा कण

अंबरनाथ एमआयडीसीत पावसाळ्यात चुन्याची गोणी उघडी राहिली की स्टोअरवाला कपाळाला हात लावतो. कळीचा चुना आधी हवेतला ओलावा पितो, मग कार्बन डायऑक्साइड ओढतो, आणि काही दिवसांनी बोटांना खडूसारखी खपली लागते. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, आम्ल मारायला असा चुना घातला तर पीएच हवा तेवढा चढतच नाही.

 

पण चुन्याचा एकच कण किती वेगाने बदलतो, हे पाहायचं कसं? बशीत ठेवला तर खालची बाजू बशीला टेकलेली, तिथे वायू धड पोचत नाही. म्हणून कण अधांतरी ठेवायचा. तो ठेवतो आवाज.

1866 मध्ये ऑगस्ट कुंट यांनी काचेच्या नळीत भुकटी पसरून आवाज घुमवला, तर भुकटी ठरावीक अंतरांवर गोळा झाली. त्याच तत्त्वावर 2017 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात 72 छोटे ट्रान्सड्यूसर, गाडी मागे घेताना कामी येणाऱ्या पार्किंग सेन्सरमधल्यासारखे, समोरासमोरच्या दोन वाट्यांत बसवले गेले. त्यांचा 40 किलोहर्ट्झचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. दोन्हीकडच्या लहरी मिसळून जागच्या जागी उभ्या राहतात आणि दर 4.3 मिलिमीटरवर एक शांत जागा तयार होते. मिलिमीटरभर कण तिथे किंचित थरथरत बसतो.

आता त्याच्यावर लेसर टाकायचा. परतणाऱ्या प्रकाशात रामन यांनी 1928 मध्ये दाखवलेला बदल वाचला की 1086 प्रति सेंटिमीटरच्या खुणेवर कॅल्साइटची रेघ उगवताना दिसते. 56 ग्रॅम कळीचा चुना पुरता बदलला तर 100 ग्रॅम होतो, आकारमानही दुपटीहून वाढतं. ही फुगलेली साल आतली छिद्रं बुजवते. म्हणून सुरुवात झपाट्याने, पुढचं सगळं रखडत.

मात्र आवाज काही गुपचूप बसत नाही. तो कणाभोवतीची हवा ढवळतो, त्यामुळे इथे मोजलेला वेग गोणीला जसाच्या तसा लावता येत नाही. त्यात वायू बदलला की पंचाईतच. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, निव्वळ कार्बन डायऑक्साइडमध्ये 270च्या आसपास. शांत जागा 3.4 मिलिमीटरवर येतात, शिवाय हा वायू या पट्टीतला आवाज गिळतो. नळ एकदम सोडला तर कण पडलाच म्हणून समजा. तेव्हा हवेत हा वायू थोडाथोडाच मिसळायचा. अंबरनाथच्या हवेत तरी तो कितीसा असतो? जेमतेम 0.04 टक्के. गोणी बिघडायला तेवढा पुरतो.