पडण्याचे निमित्त

मराठी घरात म्हाताऱ्या माणसाच्या शेवटाची हकिगत सांगताना एक वाक्य हमखास येते : 'पडल्याचे निमित्त झाले.' आजी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया नीट झाली, पण मग छातीत कफ साठला, अंथरूण धरले आणि तीन महिन्यांत आटोपले. ऐकणारा मान हलवतो. वय झाले होते, काहीतरी निमित्त लागतेच. या शब्दात मृत्यू समजुतीने घेण्याचा शहाणपणा आहे हे खरे. पण निमित्त म्हटले की कारण शोधायची जबाबदारी संपते, हेही तितकेच खरे.

मी डॉक्टर नाही. जुन्या घरांच्या बांधणीची टिपणे काढत हिंडताना या विषयाशी माझी गाठ पडली. उंबरठ्याची उंची, जिन्याच्या पायऱ्यांची रुंदी, मोरीचा उतार यांची मापे घेत असलो की घरातले कोणीतरी हटकून सांगे, "इथेच पडल्या होत्या आई." एवढ्या घरांत तेच वाक्य ऐकल्यावर मी टेप गुंडाळून वैद्यकाची नियतकालिके वाचू लागलो. पहिला धक्का आकड्यांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचाच आहे. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वांत जास्त बळी साठीपुढच्या माणसांचे जातात.

दुसरा धक्का अधिक महत्त्वाचा होता. 'वय झाले की तोल जायचाच' हे आपले गृहीत १९८८ सालीच मोडीत निघाले होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. वर्षात ३२ टक्के माणसे एकदा तरी पडली. पण कोण पडले? संशोधकांनी दोष मोजले होते : झोपेच्या वा तत्सम गोळ्या, स्मरणाचा मंदपणा, पायांतला अशक्तपणा, चालीतला आणि तोलातला बिघाड, पावलांची दुखणी वगैरे. ज्यांच्यात यातला एकही दोष नव्हता त्यांच्यापैकी ८ टक्के पडले. ज्यांच्यात चार किंवा अधिक दोष होते त्यांच्यापैकी ७८ टक्के. वयाने सगळे एकाच पंक्तीतले होते, तरी एवढा फरक. म्हणजे पडणे ही एका क्षणाची घटना दिसत असली तरी तिच्यामागे बराच काळ साठत आलेली बेरीज असते.

ही बेरीज कशी होते ते समजून घ्यायला तोल म्हणजे काय ते पाहावे लागते. आपण उभे असतो म्हणजे खरे तर सतत किंचित कलत असतो आणि सतत सावरत असतो. कलल्याची बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे. सावरण्याचे काम पोटरी, मांडी आणि कंबर करतात. तिघांपैकी एकाची बातमी उशिरा आली तर बाकीचे दोघे भरून काढतात. पण मोतीबिंदूने नजर धूसर, मधुमेहाने तळपाय बधिर, आणि त्यात रात्री दोन वाजता दिवा न लावता उठणे, असे जमून आले की भरून काढायला कोणी उरत नाही. शिवाय झोपून एकदम उठले की रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही औषधांनी तो जास्तच येतो. लघवी वाढवणारी गोळी उशिरा घेतली असेल तर रात्रीचे उठणेही वाढते. मग घसरायला पाण्याचे चार थेंब पुरतात. आणि आपण दोष देतो त्या चार थेंबांना.

स्वीडनमधल्या एका पाहणीचा मला राहूनराहून अचंबा वाटतो, कारण तिला कोणतेच यंत्र लागले नव्हते. वृद्ध निवासांतल्या ५८ जणांसोबत चालताना संशोधकांनी फक्त गप्पा सुरू केल्या. बोलायची वेळ आली तेव्हा बारा जण चालणे थांबवून उभे राहिले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले. ज्याचे चालणे अजून आपोआप होते तो बोलत बोलत चालतो. ज्याला प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते त्याला एका वेळी एकच काम जमते. आपल्या घरातले माणूस उत्तर देताना थबकू लागले आहे का, एवढे पाहायला पदवी लागत नाही.

कारणे अशी निरनिराळी असल्यामुळे त्यांचे मालकही निरनिराळे. गोळी डॉक्टरच्या हातात. मोतीबिंदू नेत्रतज्ज्ञाकडे. गुळगुळीत फरशी मुलाने हौसेने बसवलेली. जिन्यातला दिवा सोसायटीचा. पायांतली ताकद ज्याची त्याची. यातल्या कोणालाही विचारा, तो प्रामाणिकपणे सांगेल की माझ्यामुळे काही पडले नाहीत. आणि ते अर्धेमुर्धे खरेच असते.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातील जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या २३३ बायकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन साधे व्यायाम शिकवले : चवड्यांवर उभे राहणे, एका पावलाच्या टोकाला दुसऱ्याची टाच लावत चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, घोट्याला थोडे वजन बांधून पाय उचलणे, आणि जोडीला फिरणे. वर्षभरात व्यायाम न शिकवलेल्या गटात पडण्याच्या १५२ घटना घडल्या, शिकवलेल्या गटात ८८. ऐंशीनंतरही स्नायू शिकतात, हे त्यातून ठरले.

त्याच मंडळींचा १९९९चा प्रयोग मात्र कमी सांगितला जातो, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका आहे. झोपेच्या, चिंतेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या ९३ वृद्धांना त्यांनी निवडले. काहींच्या कॅप्सुलांमधले औषध काही आठवड्यांत हळूहळू कमी करत शून्यावर आणले. पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले. एखाद्या नव्या औषधाने असा परिणाम दाखवला असता तर त्याच्या जाहिराती झाल्या असत्या. पण प्रयोग संपल्यावर एका महिन्यात काय झाले? शेवटचे तीस आठवडे औषधाशिवाय काढलेल्या सतरा जणांपैकी आठ जणांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या. कारण उघड आहे. जागरण आज रात्री जाणवते, पडणे कधीतरी पुढे असते. डॉक्टरसमोर बसलेला माणूस झोप मागायला आलेला असतो, तोल मागायला कोणी येत नाही. (अशी गोळी एकदम किंवा आपल्या मनाने सोडणे धोक्याचे असते. तिथेही त्यांनी ती हळूहळूच कमी केली होती.)

आपल्याकडे घराचा इलाज वेगळाच असतो. एकदा पडले की फर्मान निघते, 'आता बसून राहा, सगळे हातात देतो.' त्यात माया असते, भीती असते, आणि कामावर जाणाऱ्या सुनेची-मुलाची खरी अडचणही असते. पण बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या आठवड्यांच्या हिशेबात बारीक होतात. भाजी आणणे सुटते, देऊळ सुटते, मग व्हरांडा सुटतो. काही माणसे तर न पडताच, नुसत्या धास्तीने, असे आखडून घेतात. ही धास्ती मोजण्यासाठी टिनेटींनी १९९० साली दहा साध्या कामांची एक मापपट्टीच केली. अंघोळ, कपाटातली वस्तू काढणे, घरातल्या घरात चालणे अशी कामे न पडता करता येतील असा भरवसा किती, हे ती विचारते. भरवसा गेला की हालचाल जाते, हालचाल गेली की ताकद जाते आणि पुढचे पडणे जवळ येते. पडू नये म्हणून बसवलेले माणूस उठेल त्या दिवशी पडते.

इथे जरा आडवाटेला जातो. पाटावर जेवणारी, जमिनीवर अंथरूण घालणारी, उकिडवे बसून भांडी घासणारी पिढी दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठत असे. गुडघे झिजलेल्या माणसाला कमोड आणि खुर्ची हे वरदान आहे; जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्या घरांतल्या अंधाऱ्या मोऱ्या आणि शिडीसारखे जिने मी मोजलेले आहेत. पण उठबस गेली तिच्या जागी आपण काही ठेवले नाही.

आता मूळ प्रश्न. कारणे अनेकांच्या ताब्यात असतील तर इलाज कोणी करायचा? टिनेटींच्या गटाने १९९४ साली ३०१ वृद्धांवर दाखवून दिले होते की औषधांची फेरतपासणी, सवयींबाबत सल्ला आणि व्यायाम हे एकत्र केले तर वर्षभरात पडणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३५वर येते. पण तो प्रयोग होता, निवडक परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी केलेला. मग त्यांनी कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड शहराच्या परिसरात हेच ज्ञान रोजच्या व्यवहारात उतरवायचा घाट घातला. रुग्ण निवडले नाहीत. डॉक्टरांचे दवाखाने, घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्था, फिजिओथेरपीची केंद्रे आणि ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे यांना गाठले. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडे करायचे आणि एकमेकांकडे माणूस पाठवायचा. राज्याच्या दक्षिण भागात असे काहीच केले नाही, म्हणजे तुलना करता येईल.

२००८ साली निकाल छापून आला. पडून गंभीर इजा होण्याचे प्रमाण सुरुवातीला दोन्हीकडे जवळपास सारखे होते. नंतर दक्षिण भागात ते हजारी वर्षाला ३१.४ राहिले, हार्टफर्ड परिसरात २८.६वर आले. इतर फरक जमेस धरून घट ९ टक्के, आणि पडल्यामुळे घ्याव्या लागणाऱ्या वैद्यकीय सेवांत ११ टक्के. आकडा लहान वाटतो. पण ही घट त्या परिसरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्या लोकसंख्येत मोजलेली आहे. त्यातल्या बहुतेकांना असा काही उपक्रम चालू आहे हे ठाऊकही नसेल.

याउलट २०२० साली 'स्ट्राइड' या नावाच्या मोठ्या अमेरिकी प्रयोगाचा निकाल आला. ८६ दवाखाने, ५,४५१ वृद्ध. प्रशिक्षित परिचारिका प्रत्येकाचे दोष तपासून त्याच्याशी बोलून योजना आखत. गंभीर इजेचे प्रमाण थोडे कमी दिसले, पण योगायोगाने पडावा इतकाच तो फरक होता. यावर पुष्कळ खल झाला आहे. मला त्यातून एवढेच वाटते की योजना दवाखान्यात लिहिता येते, पण तिच्यातली निम्मी कामे दवाखान्याबाहेर, कोणाच्या तरी घरी आणि गल्लीत करायची असतात. तिथे कोणी उभे नसेल तर कागद उत्तम असूनही माणूस पडतो.

महाराष्ट्रात काय आहे? बरेच आहे, पण सुटे सुटे. आशा सेविका घरोघर जो आरोग्य तपासणीचा तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी 'उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का?' अशा आशयाचा प्रश्न आहेच. 'हो' आले की वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघ आहे. हास्यक्लब आहेत. मोतीबिंदूची शिबिरे आहेत, आणि मोतीबिंदूचा संबंध फक्त वाचनाशी नसतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या ३०६ बायकांत पाहिले की पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्यांत पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी राहिले. पण आशाच्या तक्त्यातला 'हो' संघाच्या सकाळच्या व्यायामाला कळत नाही. संघात येतात ते चालू शकणारे. ज्याला गरज आहे तो तीन गल्ल्या पलीकडे खुर्चीत बसलेला असतो. अस्थिरोग विभागातून खुबा बसवून घरी परतलेल्याला 'पडला का होतात' हे कोणी विचारलेले नसते. एखाद्या संघाने महिन्यातून एक सकाळ सभासदांच्या औषधांच्या पिशव्या घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बसायचे ठरवले, तर खर्च चहाचा येईल.

घरापुरते काम त्याहून सोपे आहे. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात ८४२ घरांत केलेल्या प्रयोगात जिन्याला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडी, बाहेर दिवा, पायरीच्या कडेला ठळक पट्टी, खरखरीत पृष्ठभाग एवढे केल्यावर घरात पडून होणाऱ्या इजा २६ टक्क्यांनी घटल्या. टॉवेलची दांडी मात्र आधाराची नसते. ती भिंतीतून उपटून आलेली मी पाहिली आहे.

आणि न्हाणीघराची कडी. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांच्या पाहणीत पडलेल्यांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले होते. बहुतेकांना आपले आपण उठता आले नव्हते. मी मापे घेतलेल्या बहुसंख्य घरांत न्हाणीघराचे दार आत उघडते. आतले माणूस पडले की त्याचेच अंग दाराला अडते, आणि कडी आतून असते. दार मोडावे लागते, तेही त्याच्या अंगावर. 'कडी लावू नका' म्हटले की आजी म्हणतात, "म्हणजे आता अंघोळही उघड्यावर करू का?" त्यांचे बरोबर आहे. एका घरी सुताराने अर्ध्या दिवसात बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडते केले आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवली. आजी कडी लावूनच अंघोळ करतात, आणि नाणे कोनाड्यात ठेवलेले असते.