बोटाएवढ्या माशाचं नवं घर

बीदरहून हैदराबाद काही लांब नाही. तिथल्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिश पाळतात. निळ्या पट्ट्यांचा, तीन-चार सेंटीमीटरचा, आपल्याच देशातल्या ओढ्यांतला मासा. बाजारात त्याला कोण विचारणार! पण त्याच्या हृदयाचा 20 टक्के भाग कापला तरी साधारण 2 महिन्यांत भरून येतो. पुण्यात त्यावरच अभ्यास चालतो.

अशा माशांची जागा सुधारायची म्हणजे सुट्या काचेच्या टाक्या जाऊन रॅक येतात. पाणी फिरतं, गाळलं जातं, यूव्ही दिव्यातून जातं, 28 अंशांच्या आसपास राहतं. पण रॅक बसला की लगेच सगळे मासे सोडत नाहीत. गाळणीत अमोनिया खाणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. घाई केली की मासे मरतात, अन् वर्षानुवर्षं जपलेला वाण जातो.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. जुने मासे शक्यतो नव्या घरात नेत नाहीत. त्यांची अंडी सौम्य ब्लीचच्या पाण्यात धुऊन तेवढीच आत नेतात, म्हणजे बराचसा रोग बाहेरच राहतो. कारंजा धरणात आपण सोडतो ती कटला-रोहूची बोटुकली, तिथं अंडी धुणं आपल्या हातात नाही. सोडण्याआधी बोटुकली थोडा वेळ मिठाच्या पाण्यात बुडवून घेणं मात्र आहे.