चर्च असो की मंदिर, दर्शनाचं तिकीट आधी काढायचं का? गाडी ठरवण्याआधी हे वाचा

सुगी आटोपली की गावागावांतून सहलीच्या गाड्या निघतात. कोल्हापूर, सांगलीकडच्या मंडळींचा एक फेरा ठरलेला, गोवा नाहीतर तिरुपती. पण निघण्याआधी एक प्रश्न हमखास पडतो. तिथलं तिकीट मोबाईलवरून आधी काढायचं, की जाऊन रांगेत उभं राहायचं? दोन्ही ठिकाणांचं उत्तर वेगवेगळं आहे.

गोव्यात तिकीटच नाही

जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च 1605 साली पूर्ण झालं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथं आहेत. रस्त्यापलीकडं से कॅथेड्रल आहे. दोन्हीकडं आत जायला पैसे लागत नाहीत. त्यामुळं ‘चर्चचा पास काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणावं. शेजारच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाला मात्र तिकीट आहे.

इथं तिकिटापेक्षा वेळ बघावी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरायला आलेल्यांना थांबावं लागतं. 3 डिसेंबरला संत झेवियर यांचा फेस्त असतो. त्याआधीचे नऊ दिवसही गर्दीचेच. निवांत बघायचं असेल तर हे दिवस टाळावेत. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत.

तिरुपतीला मात्र आधीच

तिरुमलाला फुकट दर्शन आहेच. त्याला सर्वदर्शन म्हणतात. पण सुट्टीत, सणासुदीला त्या रांगेत पंधरा-वीस तासही जातात. तरणी पोरं काढतील, गुडघे दुखणाऱ्या आजीनं काय करायचं?

त्यासाठी 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शनाचं तिकीट आहे. ते साधारण तीन महिने आधी ऑनलाइन खुलं होतं आणि सोयीच्या तारखा लगेच संपतात. 65 वर्षांवरच्यांसाठी वेगळा कोटा आहे, तोही आधीच काढावा लागतो. 12 वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांसोबत तिकीट लागत नाही.

इथंच बरेच जण फसतात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं, म्हणजे दर्शनाच्या तिकिटानंतर. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसनं जाणारे आधी रेल्वेचं तिकीट काढतात आणि मग दर्शनाची तारीख शोधत बसतात. तोवर ती गेलेली असते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी दर्शन, मग रेल्वे, मग खोली.

दुसरी गोष्ट, हे तिकीट रद्द होत नाही, तारीखही बदलून मिळत नाही. तिकिटावर नाव असतं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळं कोण येणार हे पक्कं झाल्यावरच पैसे भरा. आधार कार्ड सगळ्यांनी सोबत ठेवा, झेरॉक्स नको, मूळ कार्ड.

ठरवायचं कसं?

घरात बसून तीन गोष्टी बघा. तिथं दिवसाला ठरावीक माणसंच सोडतात का? आपली तारीख पक्की आहे का? सोबत म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर आधीच काढा. तारीखच पक्की नसेल तर पैसे अडकवू नका, फुकटच्या रांगेची तयारी ठेवून एक दिवस जास्त हाताशी ठेवा.

लिंकवर दाबण्याआधी

व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून तिकीट काढू नका. तिरुपती देवस्थानच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ नं संपतो. नाव सारखंच दिसलं तरी शेवट बघा. ‘व्हीआयपी दर्शन करून देतो, आधी फोन पे करा’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.