टाकीतली लाट आणि भाड्याचा हिशेब

विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या बायका पाण्यावर पळसाची पानं किंवा कडुलिंबाची डहाळी टाकत. पाणी हिंदकळू नये, एवढ्यासाठीच. पाऊल पुढे पडतं तेव्हा पाणी मागे राहतं आणि पाऊल थबकतं तेव्हा पाणी पुढे येतं. ही ओढाताण मानेला सोसावी लागते. डहाळी ती लाट मोडते. टँकरच्या पोटात भोकं पाडलेले लोखंडी आडपडदे बसवतात, ते हेच काम करतात. इथे मानेच्या जागी चासी, पाटे, क्लच आणि ब्रेक असतात, आणि त्यांच्या दुखण्याचा खर्च गाडीमालक करतो. भाडं ठरवताना या खर्चाचा विचार फारसा कुणी करत नाही.

टँकर आपल्या लक्षात येतो तो बंद पडल्यावर. १ आणि २ जानेवारी २०२४ ला भारतीय न्याय संहितेतल्या १०६ (२) या कलमाविरुद्ध, म्हणजे अपघातानंतर पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध, चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथले टँकर थांबले आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. एरवी हा धंदा कसा चालतो, त्यात काय सुटतं आणि काय झिजतं, याची विचारपूस होत नाही. गावाकडचा एखादा तरुण मात्र जमिनीवर कर्ज काढून टँकर घेतो. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

पहिली गोष्ट वजनाची. वीस हजार लिटरची एकच टाकी घ्या. तिच्यात पेट्रोल भरलं तर साधारण पंधरा टन होतं. दूध भरलं तर साडेवीस टनांच्या वर जातं. साखर कारखान्याची मळी भरली तर अठ्ठावीस टन. टाकी तीच, पण ओझं जवळपास दुप्पट. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरच्या भाराची मर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या म्हणजे दहा टायरच्या गाडीला एकूण २५ टनांऐवजी २८.५ टनांची परवानगी मिळाली. त्यात गाडीचं आणि टाकीचं स्वतःचं वजन दहा टनांच्या आसपास धरलं, तर मालाला साडेअठरा टन उरतात. म्हणजे मळी कायद्यात बसवून न्यायची तर वीस हजारांच्या टाकीत तेरा हजार लिटरच भरता येते. उरलेली एक तृतीयांश टाकी मोकळी राहते, आणि तिथेच लाटेला जागा मिळते.

पेट्रोलचा टँकरही काठोकाठ भरत नाहीत. पेट्रोल उष्णतेने चांगलंच फुगतं. बारा हजार लिटर पेट्रोलचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर ते शंभर लिटरहून अधिक जागा जास्त मागतं. ती जागा आधीच सोडून ठेवावी लागते. पण एवढ्याशा फटीत लाट फारशी उठत नाही. भीती असते ती निम्म्या ते पाऊण भरलेल्या टाकीची. रस्त्यावर भरलेल्या टँकरला लोक जपून असतात आणि अर्धा टँकर हलका समजतात. ही समजूत चुकीची आहे.

ब्रेक दाबल्यावर काय होतं ते पाहा. पोत्यांचा ट्रक थांबला की पोतीही थांबतात. टँकर थांबतो, पण आतलं द्रव पुढेच जात राहतं. क्षणभराने ते पुढच्या पत्र्यावर आदळतं, थांबलेल्या गाडीला पुन्हा ढकलतं, मग उलटं फिरून मागे जातं. सिग्नलला उभा असलेला टँकर झोका खाताना दिसतो, तो यामुळे. जुना चालक म्हणूनच ब्रेक एका दमात मारत नाही. लांबून वेग उतरवत आणतो, गिअर बदलताना लाट परत येण्याची वाट बघतो. लाट उलटी येत असताना क्लच सोडला तर इंजिन पुढे ओढतं आणि माल मागे ओढतो. त्या ओढाताणीत क्लचप्लेट जळते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जातात.

आडपडदे पुढची-मागची लाट मोडतात. बाजूची लाट त्यांना अडवता येत नाही. घाटातल्या वळणावर द्रव बाहेरच्या अंगाला चढतं, गाडीचा तोल त्याच्यामागे जातो. वेग दुप्पट झाला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि तिथल्या माणसांचेही जीव गेले. या धंद्यातली चूक गाडीपुरती राहत नाही.

झीज मात्र रोजची आहे आणि ती आवाज करत नाही. पाट्यांचं एखादं पान तडकतं, यू-बोल्ट ढिले होतात, मागचे लायनर ठरल्यापेक्षा आधी संपतात, टायर एका अंगाने खाल्ले जातात. टाकी ज्या आधारांवर बसवलेली असते तिथल्या वेल्डिंगला केसासारखी चीर पडते. ट्रकच्या फाळक्याला चीर पडली तर तासाभरात जोडून मिळते. पेट्रोलच्या टाकीला ठिणगी लावायची तर आधी ती पूर्ण रिकामी करून, धुऊन, वायुमुक्त झाल्याची खात्री करावी लागते. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. शिवाय इंधनाची टाकी हे एक मापही आहे. वैधमापन खातं ते प्रमाणित करतं. टाकीला पोचा पडला किंवा पत्रा बदलला की माप बदलतं आणि पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एका चिरेपायी गाडी कित्येक दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता सुरूच राहतो.

दुधाचा टँकर यात आणखी वेगळा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, आणि टाकी आतून गुळगुळीत हवी. आडपडद्यांच्या कोपऱ्यात दूध साचलं तर तिथे जंतू वाढतात आणि पुढची सगळी खेप नासते. म्हणून लाट मोडण्याचा सोपा उपाय इथे वापरता येत नाही. टाकीचे वेगवेगळे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्पा शक्य तितका भरून नेतात. संकलन कमी झालं, कप्पा अर्धा राहिला, की तीच गाडी रात्री घाट उतरताना वेगळीच वागते. माल उतरल्यावर गरम पाण्याने आणि कॉस्टिकने धुलाई. धुतल्या धुतल्या झाकण घट्ट लावून टाकलं तर आतली वाफ थंड होऊन पाणी होते, पोकळी तयार होते आणि स्टेनलेस स्टीलची महागडी टाकी आतल्या आत चेपते. पंपाने माल उपसताना हवेची वाट बंद राहिली तरीही हेच घडतं. क्लीनरला पहिल्याच दिवशी शिकवायची ही गोष्ट आहे.

आता कमाईकडे येऊ. तेल कंपन्यांच्या कंत्राटात दर किलोलिटरमागे, किलोमीटरमागे असतो आणि अंतर जाऊन-येऊन मोजतात. परतीची रिकामी फेरी त्या दरात धरलेली असते. खुल्या बाजारातल्या रसायनांचं, मळीचं किंवा खाद्यतेलाचं भाडं बहुधा टनावर आणि एकेरी ठरतं. परतीला माल मिळाला तर मिळाला. ट्रकवाला येताना कांदा भरेल, खत भरेल. दूध नेणारी टाकी आम्ल आणू शकत नाही आणि आम्लाची टाकी तेल आणू शकत नाही.

समजा एकेरी अंतर ३०० किलोमीटर आहे. भरलेली गाडी लिटरला साडेतीन आणि रिकामी पाच किलोमीटर गेली तर दोन्ही मिळून १४६ लिटर डिझेल लागलं. लिटरला ९० रुपये धरले तरी तेरा हजारांहून थोडे जास्त गेले. त्यावर टोल, चालकाचा भत्ता, बीएस-६ गाड्यांना लागणारा युरिया. एवढं सगळे मालक तोंडपाठ सांगतात. न सांगता येणारा आकडा उभं राहण्याचा असतो. समजा हप्ता महिना साठ हजार आहे. महिन्यात दहा खेपा झाल्या तर खेपेला सहा हजार पडतात. कारखान्याच्या किंवा डेपोच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस गेले आणि खेपा सातच झाल्या, तर तोच हप्ता खेपेला साडेआठ हजारांवर जातो. दर एका पैशाने न बदलता नफा संपतो. हॉल्टिंगचे पैसे करारात लिहिलेले असतील तरच मागता येतात.

साखर पट्ट्यात मळी आणि इथेनॉलने टँकरला काम दिलं, हे खरं. इथेनॉलचं वजन पेट्रोलच्या जवळपास असल्याने तीच टाकी पुरेशी भरून जाते आणि गाडीला ते मानवतं. पण हंगाम काही महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा. त्यात आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी. जुना टँकर स्वस्तात मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याने त्या टाकीत आजवर काय वाहिलं गेलं, ते आधी विचारावं. आम्लाने खाल्लेला पत्रा रंगाखाली दिसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की अर्ध्या भरलेल्या खेपेला कमी भाडं देणं अन्यायाचं आहे. माल कमी असतो, पण गाडीला आणि चालकाच्या कमरेला होणारा त्रास जास्त असतो. दूध संघांनी, कारखान्यांनी आणि रसायन कंपन्यांनी करारात दोन ओळी वाढवाव्यात. टाकी अपुरी भरली तरी किमान इतक्या लिटरचं भाडं मिळेल, ही एक. ठरावीक तासांनंतर फाटकावरच्या प्रत्येक तासाचे पैसे मिळतील, ही दुसरी. आणि टँकर घ्यायला निघालेल्या तरुणाने दर किती, हे विचारण्याआधी महिन्यात किती खेपा अर्ध्या जातात आणि माल उतरवायला किती वेळ लागतो, हे त्याच फाटकाबाहेर उभ्या असलेल्या चालकांना विचारून घ्यावं.