ऑफिसमधल्या सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर बदलायचा कसा?

जून २०१७. 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्याने मर्स्क ही बलाढ्य शिपिंग कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या याच समूहाच्या टर्मिनललाही फटका बसला. कंपनीचे जगभरातले सुमारे १५० डोमेन कंट्रोलर पुसले गेले. वाचला फक्त एक, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेली होती! त्याच एका मशीनवरच्या डेटातून कंपनीने नेटवर्क पुन्हा उभं केलं.

पण हा डोमेन कंट्रोलर म्हणजे नक्की काय?

तुम्ही सकाळी ऑफिसच्या कम्प्युटरवर पासवर्ड टाकता, तेव्हा तो बरोबर आहे का, तुम्हाला कोणत्या फाइल्स उघडता येतील, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती डोमेन कंट्रोलरकडे असते. मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'मध्ये ही सगळी नोंदवही असते.

मग तो बदलायचा कशाला?

विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर-टू यांचा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला. सर्व्हर २०१६चा सपोर्ट जानेवारी २०२७पर्यंत आहे. सपोर्ट संपला की नव्या त्रुटींवरचे मोफत सुरक्षा अपडेट बंद होतात. म्हणजे सगळ्या चाव्या ज्या कपाटात आहेत, त्याचंच कुलूप कच्चं राहतं.

अपग्रेड कसं करतात?

जुन्याच मशीनवर नवी सिस्टीम चढवता येते. पण सुरक्षित मार्ग वेगळा आहे: नवा सर्व्हर शेजारी उभा करायचा, त्याच्याकडे कारभार सोपवायचा आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा.

१. आधी तब्येत तपासा. सर्व डोमेन कंट्रोलर एकमेकांशी नीट माहिती देवाणघेवाण करतात का, ते 'डीसीडायग' आणि 'रेपॲडमिन' या टूल्सने बघा. बॅकअप घ्या.

२. 'फंक्शनल लेव्हल' पाहा. सर्व्हर २०२५ डोमेन कंट्रोलर म्हणून जोडायचा तर ती किमान २०१६ हवी. तुमच्याकडे अजून २०१२ आर-टू असेल, तर थेट उडी मारता येत नाही. आधी २०१६, २०१९ किंवा २०२२चा टप्पा घ्या, जुने कंट्रोलर काढा, लेव्हल वाढवा आणि मग पुढे जा.

३. नवा सर्व्हर डोमेनमध्ये जोडून त्याला डोमेन कंट्रोलर बनवा. माहितीची प्रत त्याच्याकडे आपोआप येते.

४. 'फिस्मो' नावाच्या पाच खास जबाबदाऱ्या जुन्या सर्व्हरकडे असतील, तर त्या नव्याकडे द्या.

५. जुन्याला रीतसर 'डिमोट' करा. नुसता प्लग काढून फेकून दिलात, तर त्याच्या नोंदी मागे राहून त्रास देतात.

लोक हमखास कुठे चुकतात?

डीएनएसमध्ये. प्रिंटर, वायफाय, हजेरी मशीन अशा अनेक गोष्टींमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता भरलेला असतो. तो बंद झाला की त्या वस्तू गोंधळतात. म्हणून डिमोट करण्याआधी जुना सर्व्हर एक-दोन दिवस नुसता बंद ठेवून पाहा. कुठून ओरड येते ते कळेल. ती दुरुस्ती करून सर्व्हर पुन्हा चालू करा आणि मगच डिमोट करा.

आणि घानाचा धडा विसरू नका. दोन कंट्रोलर असले की एक बिघडल्यावर काम चालू राहतं. पण एकावर चुकून डिलीट झालेलं खातं दुसऱ्यावरूनही जातं. त्यामुळे दुसरा कंट्रोलर म्हणजे बॅकअप नव्हे. नेटवर्कपासून तोडलेली एक प्रत वेगळी ठेवाच. दरवेळी नेमक्या वेळी लाईट जाईलच असं नाही!